पावणेबाराचा धूर

“सगळंच झाकणार म्हणतासा. मग डबं कुठं ठिवायचं?”

आवटी मामांनी हे विचारलं तेव्हा मी बॉयलरला लावलेल्या शिडीवर उभी होते आणि माझ्या डोक्यात डब्यांशिवाय जगातलं सगळं काही होतं.

“कसले डबे?”

त्यांनी वर बोट केलं. बॉयलरच्या पाठीवरचं, उष्णता धरून ठेवणारं काचलोकरीचं जुनं पांघरूण एका ठिकाणी चटईएवढ्या जागेत गळून पडलं होतं. त्या उघड्या लोखंडावर जेवणाचे चौतीस डबे ओळीनं मांडून ठेवले होते. कुणाला लाल दोरा बांधलेला, कुणावर खिळ्यानं नाव कोरलेलं, एकाच्या झाकणावर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका. सकाळी साडेसातला ठेवलेली आमटी दुपारी बाराला चुलीवरून उतरवल्यासारखी मिळायची. बॉयलर सगळ्या मिलला वाफ द्यायचा ते खरं, पण कामगारांच्या लेखी त्याचं मुख्य काम हे होतं.

“मामा, एवढी उष्णता उघड्यावर जातेय. ती कोळशातून येते ना?” मी म्हणाले.

“येती की. पर वाया कुठं जाती? प्वाटात जाती.”

मी हसले आणि पांघरूण चढवायला आलेल्या माणसांना म्हटलं, घ्या काम सुरू करा. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. इचलकरंजीतली ती कापड रंगवायची मिल. रंगाचे हौद तापवायचे ते वाफेवर, कापड वाळवायचं तेही वाफेवर, आणि ती वाफ द्यायला कोळशाचा एकच थोराड बॉयलर. त्याच्या जाळाला हवा घालणारा पंखा दिवसरात्र पूर्ण वेगानं फिरायचा, गरज असो नसो. जाळाला हवा कमी पडली तर काळा धूर होतो, आणि जास्त झाली तर ती फुकटची हवा तापून चिमणीतून निघून जाते, सोबत कोळसाही जातो. आमच्या पुण्याच्या कंपनीचं पॅनल धुरात किती प्राणवायू उरलाय ते सेन्सरनं मोजायचं आणि त्याप्रमाणे पंख्याचा वेग कमी-जास्त करायचं. कोळसा वाचतो, वीजही वाचते. सांगायला सोपं आहे. मी ते मगदूम मालकांना दोन तास सांगत होते.

मालक साठीचे, पांढरी टोपी, बोलणं तोलून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पंधरा दिवस. धा टक्के कोळसा वाचला पायजे. न वाचला तर पॅनल सोडवायचं आणि पुण्याला घेऊन जायचं. माझी ना न्हाई, तुमचीबी असू ने.”

माझं ते पहिलं एकटीनं करायचं काम होतं. पुण्याहून निघताना आमचे साहेब म्हणाले होते, “मंजिरी, हे जमलं तर पुढची तीन कामं तुझी. नाही जमलं तर ऑफिसात बसून पत्रं टाइप करायला माणूस हवाच आहे.” ते हे हसत म्हणाले होते, पण मला ते हसणं ठाऊक होतं.

पांघरूण चढलं, त्यावर पत्रा बसला आणि डब्यांची जागा गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला माझ्या नावानं शिमगा झाला. रंगखात्यातला एक जण येऊन म्हणाला, “म्याडम, तुमचा कोळसा वाचला म्हणं. आमची भाकरी मातूर गारठली.” मागं दहा-बारा जण हसले. त्यात गंमत कमी आणि राग जास्त होता. डबे ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून लोक सवयीनं बॉयलरघराच्या दाराबाहेरच्या फळीवर ठेवून जायचे आणि बाराला तिथूनच गार डबे उचलायचे.

आवटी मामा मात्र मला काही बोलले नाहीत. ते दिवसपाळीचे फायरमन, म्हणजे बॉयलरचा जाळ सांभाळणारे. छप्पन्न वर्षांचे, सडपातळ, भुवयांत कायमची काजळी. बॉयलर पेटता असताना ते बॉयलरघराबाहेर पाऊल टाकत नसत. चहा आला तर उंबऱ्यावर येऊन घ्यायचे, तेही एक पाय आत ठेवून.

“दोन मिनिटं बाहेर वाऱ्याला उभे राहा की,” मी एकदा म्हटलं. “मी आहे ना इथं.”

“तुमच्याकडं बॉयलरचं सर्टिफिकेट हाय?”

“नाही.”

“मग तुम्ही न्हाईसा,” ते शांतपणे म्हणाले. “पेटता बॉयलर सोडून फायरमननं जायचं न्हाई. कुनीबी बोलवू दे.”

पाळी सुटली की ते सायकल काढायचे, पण तिच्यावर बसायचे नाहीत. हातात धरून चालत जायचे. घरी जाणाऱ्या बायकांचा घोळका पुढं, आणि मागं वीस पावलांवर मामा आणि त्यांची सायकल. मला वाटायचं, चाक पंक्चर असेल. सलग इतके दिवस चाक पंक्चर कसं असेल, हे मनात आलं नाही.

मिलमध्ये माझी बाजू घेणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे घडीखात्यातल्या अक्काताई. तयार कापडाच्या घड्या घालणाऱ्या नऊ बायकांच्या त्या म्होरक्या. पहिल्याच दिवशी माझ्या हातात कागदात गुंडाळलेला वडापाव बघून त्यांनी हाक मारली, “ये हिकडं, पोरी. कागदातलं खाऊन प्वाट भरतंय व्हय?” आणि डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी आणि मुगाची आमटी वाढून माझ्यापुढं ठेवली. तेव्हापासून माझं जेवण तिथंच. बाकीच्या बायका गार भाकऱ्या मोडत मला टोमणे मारायच्या, आणि मी अक्काताईंची वाफाळती आमटी ओरपत मनात म्हणायचे, या लोकांना कुरकुरायची सवयच असते.

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवलंय. माझ्या हुशारीचा पुरावा म्हणून कुठंतरी राहू दे.

तीन दिवस लोटले आणि माझी झोप उडाली. सकाळी आठ ते साडेअकरा सगळं झकास चालायचं, बचतीचा आकडा बारा टक्क्यांवर. पावणेबाराला चिमणीतून भसाभसा काळा धूर. वाफेचा दाब उतरायचा, रंगखात्यातून आरडाओरडा, आणि बिघडलेला जाळ पुन्हा जागेवर यायला दोन तास. संध्याकाळी हिशेब केला की आकडा आठावर. पॅनलच्या पडद्यावर दिवसभराची रेघ सरळ चाललेली दिसायची आणि पावणेबाराला तिच्यावर टेकाड. धुरातला प्राणवायू एकाएकी दुप्पट झाल्याचं सेन्सर सांगायचा. पॅनल बिचारं समजायचं, हवा जास्त झाली, आणि पंखा मंद करायचं. जाळ गुदमरायचा. पण ती जास्तीची हवा येत कुठून होती? आणि रोज नेमकी पावणेबारालाच कशी?

मी सेन्सर बदलला. वायरी तपासल्या. पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, “सेन्सर बदल.” मी म्हटलं, बदलला. ते म्हणाले, “मग परत बदल.”

रोज साडेअकराला मी पाण्याचं मीटर वाचायला आणि कोळशाच्या गाड्या मोजायला जायचे, तिकडून हात धुऊन थेट जेवायला. म्हणजे धूर निघायचा तेव्हा मी कधी बॉयलरघरात नसायचे. हे लक्षात यायला मला नऊ दिवस लागले.

मामांना विचारलं तर ते म्हणायचे, “तुमच्या पॅनलचं कायतरी असंल. आदी कधी असा धूर न्हवता.” तोंडावर लबाडीची एक रेघ नाही.

त्याच दिवसांतलं अक्काताईंचं एक बोलणं आठवतं. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली होती, त्यावरून विषय निघाला.

“माझ्या लेकीच्या लग्नात अंतरपाट धरला हुता,” त्या म्हणाल्या. “उपाध्ये म्हणत्यात, बाई, मुहूर्त टळतोय. मी वाटंकडं बघती, लेक वाटंकडं बघती. शेवटी अक्षता पडल्या. लेकीचा बाप आला तवा पंगत उठली हुती.”

“का उशीर झाला?”

“काम.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “तवापास्नं बोलत न्हाई मी. चार वर्सं झाली.”

“चार वर्षं? आणि राहता कुठं?”

“ऱ्हानार कुठं? घर एकच हाय. सैपाक करती, डबा भरती, आजारी पडलं तर काडा दिती. बोलत न्हाई.” घड्यांच्या टेबलाकडं जाता जाता त्या जरा थांबल्या. “आता बोलायचं म्हटलं तर सुरवात कुटनं करायची, त्येबी कळत न्हाई.”

बाकीच्या बायका खाली बघून जेवत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. सगळ्या मिललाच ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते मला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

नवव्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. खिडकीतून चिमणी दिसत होती.

“म्याडम, माझ्या बाच्या काळापास्नं ही चिमणी बघतोय. भर दुपारी असला धूर कधी न्हवता. लोक फोन करून इचाराय लागल्यात, मिल पेटली काय म्हणून.” त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “उद्या दुपारपत्तोर कारण सांगा. न्हाईतर परवा पॅनल खाली. आणि कुणी मुद्दाम करत असंल तर फकस्त नाव सांगा. त्यो मानूस सांजला घरी असंल.”

दहाव्या दिवशी साडेअकराला मी नेहमीसारखी वही घेऊन निघाले. मीटरपर्यंत गेले, आणि कोळशाच्या ढिगामागून वळसा घालून मागच्या दारानं बॉयलरघरात परत आले.

मामा चिमणीकडं जाणाऱ्या धुराच्या नळीपाशी उकिडवे बसले होते. त्या नळीला काजळी काढायचं एक लोखंडी झाकण असतं. त्याचे बोल्ट सैल करून त्यांनी ते हातभर उघडलं होतं, आणि आतल्या कडेवर तेलाचा कापलेला पत्र्याचा डबा ठेवला होता. काजळी लागू नये म्हणून त्यावर ताटली, आणि आत जेवणाचा एक डबा. नळीतला वारा बाहेरची हवा सूं करून आत ओढत होता. दहा दिवस मी शोधत होते ती हवा.

“मामा.”

ते दचकले नाहीत. हळूच मान वळवली.

“हे रोज करता?”

“रोज. बारा वाजता काडतो.”

“आणि धूर?”

“धुराचा ह्येच्याशी काय संबंद? काजळी काडाय ह्ये झाकण मी ईस वर्सं उघडतोय. कदी धूर न्हाई झाला.”

खरंच होतं ते. वीस वर्षं पंखा कुणाचं ऐकत नव्हता, एकाच वेगानं फिरायचा. झाकण उघडं असो वा बंद, त्याला पत्ता नसायचा. मी म्हटलं, “मामा, आता पंखा धुराला विचारून चालतो. तुम्ही झाकण उघडता, बाहेरची हवा धुरात मिसळते, पंख्याला वाटतं हवा जास्त झाली, तो मंद होतो आणि जाळ गुदमरतो. तो धूर पॅनलचा नाही. या डब्याचा आहे.”

त्यांनी झाकणाकडं पाहिलं, मग पंख्याकडं. इतक्या वर्षांच्या फायरमनला आणखी सांगावं लागलं नाही. चेहरा उतरला.

“म्हंजे दाब पडत हुता त्यो माज्यामुळं?”

“हो.”

“आईच्यान, मला ठावं न्हवतं.” त्यांनी उघड्या हातानंच डबा बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला, चोरीचा माल जमा करावा तसा. मी ओढणीच्या टोकात तो कसाबसा धरला. झाकणावर गुलाबी ठिपका होता.

हा ठिपका मी रोज बघत होते. याच झाकणात मला रोज आमटी वाढली जात होती. चौतीसांतले तेहतीस डबे गार होते, म्हणून सगळे कुरकुरत होते, आणि एकच गरम होता. त्यातली निम्मी आमटी माझ्या पोटात गेली होती. मी आकड्यांची वही घेऊन जे शोधत फिरत होते, ते मी रोज भाकरीशी लावून खात होते.

“हा डबा…”

“घडीखात्यातल्या एका बाईचा हाय.” ते खाली बघत म्हणाले. “गार खाल्लं की दात ठणाकत्यात तिचं. रातभर मग कूस बदलत ऱ्हाती.”

रात्रभर कूस बदलते हे यांना कसं ठाऊक, असा प्रश्न माझ्या पुणेरी डोक्यात आला आणि त्याचं भलतंच उत्तरही आलं. छप्पन्न वर्षांचा हा माणूस, आणि तिकडं घरी अबोला धरलेल्या अक्काताई. मला ऐकूनच कानकोंडं झालं.

“त्यांना माहीत आहे?”

“न्हाई. आनि कळू देऊ नका.” मग म्हणाले, “मालकास्नी माजं नाव सांगा. चूक माजी हाय, तुमचं काम कशाला बुडावं? पर डबा कुनाचा त्ये तेवडं सांगू नका.”

एवढ्यात समोरचं दार वाजलं. धूर बघून मालक स्वतः आले होते. त्यांची नजर उघड्या झाकणावर गेली, मग तेलाच्या डब्यावर, मग माझ्या हातावर.

“आसं हाय व्हय हे,” ते म्हणाले. “कुनाचा डबा हाय ह्यो?”

मामा फावडं धरून उभे होते.

माझ्या हातात दोन गोष्टी होत्या. एक नाव, आणि एक गरम डबा. नाव सांगितलं असतं तर पॅनल राहिलं असतं, पुढची तीन कामं माझी झाली असती. वीस वर्षं इथं राबलेला फायरमन संध्याकाळी घरी गेला असता आणि घडीखात्यातल्या बाईची मिलभर चर्चा झाली असती. फार विचार केला असं म्हणणार नाही. तोंडातून निघून गेलं.

“माझा आहे.”

“तुमचा?”

“गार जेवण उतरत नाही मला. म्हणून मीच मामांना ठेवायला सांगितलं.”

मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं की आजही आठवलं तरी कान तापतात. “म्हंजे ह्या धुराचं कारण शोधाय धा दिवस तुम्ही आकाश-पाताळ एक केलंसा, आनि चूल तुमचीच?”

“हो.”

“मग तुमच्या पॅनलला काय नावं ठेवायची. न्या ते उद्या सकाळी.”

“मालक…” मामांनी तोंड उघडलं.

“डबा माजा हाय.”

आवाज दारातून आला. घडीखात्यातल्या बायका बॉयलरघरात कधी पाय टाकत नसत. त्या फळीपर्यंत येत आणि डबे उचलून परत जात. आज अक्काताईंना फळीवर आपला डबा सापडला नव्हता. पदर खोचून त्या उंबरा ओलांडून आत आल्या, मागं दोन-तीन बायका दारातच थबकल्या. अक्काताईंनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. तापलेला होता, तरी पदरानं धरला नाही.

मालकांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या मामांकडं वळल्या.

“परवा आमटी आटली हुती,” त्या म्हणाल्या. “एवडा येळ ठिवत जाऊ नगा.”

दारातल्या एका बाईनं तोंडावर हात धरला. मामांचा हात फावड्यावर तसाच राहिला.

“बरं,” ते म्हणाले.

“झाकण उगडून आग कमी-जास्त हुती, हे तुमच्या डोस्क्यात आलं न्हाई व्हय? एवडं सर्टिफिकेट हाय म्हनता.”

“न्हाई आलं.”

“आनि फडकं कुटं हाय? हात भाजलाय की ह्यो.” त्यांनी त्यांचा पंजा उलटा करून पाहिला. खरंच बोटांवर जुने-नवे चट्टे होते. “मला काय कळत न्हवतं व्हय? धा दिवस सगळ्यांचं डबं गार, आनि माजाच तेवडा गरम. म्हनलं, बगू किती दिवस करत्यात.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सायकल हातात धरून वीस पावलं मागं चालणारा माणूस, अंतरपाटाशी न पोचलेला बाप, आणि पेटता बॉयलर सोडून न जाणारा फायरमन, हे तीन जण नव्हते. एकच होता. मी मागं सरकले आणि कोळशाच्या गाडीला टेकून उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते काजळीनं आलं असं वाटावं अशी माझी इच्छा होती.

मालक मामांच्या स्टुलावर बसले. पॅनल आपलं काम करत होतं. मामांनी झाकण बंद केलं होतं आणि पंखा हळूहळू वेग घेत होता.

“म्याडम,” मालक म्हणाले, “त्या लग्नाच्या दिवशी दुसरा फायरमन आला न्हवता. रंगाचा माल हौदात हुता. मीच ह्यास्नी म्हटलं, दोन तास थांबा, मानूस धाडतो. मानूस धाडला त्यो चार तासांनी.” त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. “ह्ये कदी घरी बोललं न्हाईत की मालकानं थांबवलं. मीबी बोललो न्हाई.”

अक्काताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. “आज बोललासा, त्ये बरं झालं,” एवढंच म्हणाल्या.

मालक उठले. दाराशी जाऊन माझ्याकडं वळले. “झालेलं धा दिवस माझ्या अंगावर. उरलेलं पाच मोजू. आनि त्या डब्यांचं कायतरी बगा. एवडं शिकलासा तर चौतीस भाकऱ्या तापवाय काय अवघड हाय?”

अवघड नव्हतं, आणि ते मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. रंगाच्या हौदांत वाफेचं काम झालं की तिचं कडकडीत गरम पाणी होतं, आणि ते तिथं सरळ गटारात जात होतं. आम्ही दोन दिवस खपून नळ टाकला आणि ते पाणी बॉयलरच्या पाण्याच्या टाकीत परत आणलं. बॉयलरला आता गार पाण्याऐवजी गरम पाणी मिळू लागलं, म्हणजे कोळसा आणखी वाचला. आणि त्या टाकीचं सपाट झाकण असं तापायचं की बाराच्या आत चौतीस डबे त्याच्यावर छान गरम व्हायचे. रंगखात्यातला तो माणूस येऊन म्हणाला, “म्याडम, आज भाकरी बोलती झाली.” माझ्यासाठी तो निकालच होता.

खरा निकाल पंधराव्या दिवशी लागला. पाच दिवसांची सरासरी साडेबारा टक्के निघाली. मालकांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, “ठिवा इथंच.” पुण्याला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “बघ, सेन्सर बदलला की होतं.” मी म्हटलं, हो साहेब.

दुपारी निघणार होते. सहज सवयीनं पॅनलच्या पडद्यावर नजर टाकली. पावणेबाराला रेघ सरळ गेली होती. बारा वाजायचेच होते. टाकीवरचे डबेही सवयीनं बघितले, तर गुलाबी ठिपक्याचा डबा दिसला नाही. मोजले, तेहतीस निघाले. म्हटलं, झालं, आता पुन्हा झाकण उघडणार कुणीतरी.

धावत बॉयलरघरात गेले. झाकण घट्ट बंद होतं. कोळशाच्या गाडीपलीकडं, जाळापासून जरा दूर, पोत्यावर दोघं बसले होते. मधे डबा उघडलेला. मामांना बॉयलर सोडून घडीखात्यात जेवायला जाता येत नव्हतं, ते कधीच येणार नव्हतं. म्हणून अक्काताई आज जरा लवकरच इकडं आल्या होत्या. त्या भाकरी मोडत काहीतरी सांगत होत्या, जावयाचं की भिंतीच्या पोपड्यांचं, मला कळलं नाही. एकामागून एक, न थांबता. मामा मान हलवत होते आणि मधेच दाबाच्या काट्याकडं बघत होते.

“ये की, पोरी,” त्या म्हणाल्या. “शेवटचं जेवून जा.”

मी पोत्याच्या कडेला टेकले. झाकणात आमटी वाढली, मी घोट घेतला. आमटी गारढोण होती.

“अक्काताई, डबा टाकीवर ठेवला नाहीत?”

“ऱ्हाऊन गेला बग. सकाळी वाटंनं बोलत बोलत आलो, ध्यानातच ऱ्हायला न्हाई.”

“मग आता दात ठणकतील ना रात्रभर.”

त्यांनी आमटीत भाकरीचा घास बुडवला आणि तोंडात टाकला. मामा हात थांबवून त्यांच्याकडं बघत राहिले.

“ठणाकू देत,” अक्काताई म्हणाल्या.